अग्निशमनातील वायुवीजन

इमारतीस आग लागली असता आत कोंडलेला धूर, उष्णता व ज्वलनशील वायू योजनापूर्वक बाहेर काढणे आणि त्यांच्या जागी बाहेरची हवा योग्य मार्गाने व योग्य वेळीच आत येऊ देणे, या क्रियेस अग्निशमनातील वायुवीजन असे म्हणतात. राहत्या घरातील नेहमीचे वायुवीजन आरोग्यासाठी अखंड चालू असते. येथे मात्र ते काही मिनिटांपुरते व विशिष्ट हेतूने केले जाते. हे हेतू मुख्यत्वे तीन आहेत : आत अडकलेल्यांना श्वसनयोग्य हवा व सुटकेची वाट मिळवून देणे, आगीचे उगमस्थान जवानांना दिसू शकेल इतपत धूर विरळ करणे आणि आगीचा फैलाव इमारतीच्या एका भागापुरता मर्यादित ठेवणे. तथापि धूर बाहेर जाण्यासाठी केलेली प्रत्येक वाट शेवटी हवा आत आणते आणि हवेवाचून आग जगत नाही. म्हणून या विषयात दार केव्हा उघडावे याइतकेच ते केव्हा मिटून ठेवावे, यालाही महत्त्व आहे.

मूलतत्त्वे : हवेत सु. २१ टक्के ऑक्सिजन असतो. बंद खोलीत आग पेटल्यास हे प्रमाण झपाट्याने घटते व ते सु. १५ टक्क्यांच्या खाली गेल्यावर ज्वाळा मंदावू लागतात. ज्वाळा मंदावल्या तरी खोलीतील पदार्थ तापलेलेच असतात. त्यांच्या अपघटनातून ज्वलनशील वायू सुटत राहतात आणि पुरेशा ऑक्सिजनाअभावी न जळता साठत जातात. ज्याला सामान्यतः धूर म्हणतात तो म्हणजे काजळीचे कण, वाफ, कार्बन मोनॉक्साइड व इतर न जळलेले वायू यांचे मिश्रण होय. कार्बन मोनॉक्साइडाचे हवेतील प्रमाण सु. १२·५ ते ७४ टक्के असताना ते पेट घेऊ शकते. यावरून धूर हा जळून गेलेल्या पदार्थांचा निरुपद्रवी अवशेष नसून बव्हंशी न जळलेले इंधनच आहे, हे ध्यानात येईल.

तापलेला वायू प्रसरण पावतो. २०° से. तापमानाची हवा ६००° से. पर्यंत तापल्यास तिचे आकारमान जवळजवळ तिप्पट होते. हलका झालेला हा वायू वर चढून छताखाली पसरतो आणि तेथून थराथराने खाली उतरत येतो. अशा खोलीचे दार उघडल्यास त्याच्या वरच्या भागातून धूर बाहेर पडतो, तर खालच्या भागातून थंड हवा आत शिरते. हे दोन प्रवाह ज्या पातळीवर एकमेकांपासून विलग होतात तीस उदासीन पातळी म्हणतात. ती जमिनीच्या जवळ असल्यास धुराचा थर खोलीत बराच खाली आला आहे, असे समजावे. हवा आत येण्याचे द्वार, आगीचे स्थान व धूर बाहेर जाण्याचे द्वार यांना जोडणाऱ्या मार्गास प्रवाहमार्ग म्हणतात. आगीकडून बाहेर जाणाऱ्या धुराच्या वाटेत सापडलेली व्यक्ती, मग ती रहिवासी असो वा जवान, सर्वांत अधिक धोक्यात असते.

दोन आकस्मिक अवस्था : छताखालील वायूंचे तापमान सु. ५०० ते ६००° से. झाले म्हणजे त्यांपासून होणाऱ्या प्रारणाने खोलीतील सर्व सामान तापते व काही सेकंदांत एकदमच पेट घेते. या अवस्थेस ‘फ्लॅशओव्हर’ म्हणतात. अशा खोलीत पूर्ण संरक्षक पोषाख घातलेला जवानही फार काळ तग धरू शकत नाही. दुसरी अवस्था याहून फसवी असते. ऑक्सिजन संपल्यामुळे ज्वाळा विझल्यासारख्या दिसतात, परंतु खोली तप्त वायूंनी भरलेली असते. अशा वेळी कोणी दार उघडले, तर आत शिरणाऱ्या हवेचे त्या वायूंशी मिश्रण होऊन ते स्फोटासारखे पेटते व ज्वाळेचा लोळ दाराबाहेर येतो. यास ‘बॅकड्राफ्ट’ म्हणतात. खिडकीच्या काचा काळवंडणे व तापणे, ज्वाळा न दिसता दाट पिवळसर-तपकिरी धूर फटींमधून थांबून थांबून बाहेर पडणे आणि फटींतून हवा आत ओढली जाणे, ही या अवस्थेची पूर्वचिन्हे होत. ती आढळल्यास दार न उघडणे हाच पहिला उपाय ठरतो. शक्य असल्यास छपरातून वायूंना वाट देऊन व झोत सज्ज ठेवूनच पुढील कार्यवाही केली जाते.

इतिहास : आगीची हवा तोडावी, हा विचार जुना आहे. प्रथम एडिंबरो येथील व १८३३ पासून लंडन येथील अग्निशामक दलाचे प्रमुख असलेले जेम्स ब्रेडवुड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच दारे-खिडक्या बंद ठेवून आगीस हवा मिळू न देण्यावर भर दिला होता. १८६१ साली लंडनमधील टूली स्ट्रीटच्या आगीत भिंत कोसळून त्यांचा मृत्यू झाला. पुढे अमेरिकेत लाकडी छपरांच्या घरांमुळे छप्पर फोडून धूर काढण्याची पद्धत विशेष रूढ झाली, तर १९८० नंतरच्या काळात दाराबाहेर शक्तिमान पंखा ठेवून धूर ढकलण्याचे तंत्र प्रसार पावले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरातील सामानाचे स्वरूप पालटले. कापूस, लाकूड व लोकर यांच्या जागी पॉलियुरेथेन फेस, कृत्रिम धागे व प्लॅस्टिक आले. अमेरिकेतील अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेने केलेल्या प्रयोगांत जुन्या पद्धतीच्या सामानाने सजविलेल्या खोलीस फ्लॅशओव्हर अवस्थेप्रत पोहोचण्यास सु. अर्धा तास लागला. आधुनिक सामानाच्या खोलीत मात्र तीच अवस्था पाच मिनिटांच्या आत आली. नव्या सामानाच्या आगीस इंधनाची वाण नसते, वाण असते ती हवेची. त्यामुळे बंब येईतो अशी आग बहुधा हवेअभावी मंदावलेली असते आणि दार उघडताच ती पुन्हा भडकते. या प्रयोगांनंतर अनेक देशांतील प्रशिक्षणात बदल झाला. नुसते वायुवीजन केल्याने आग थंड होते ही समजूत मागे पडली व वायुवीजन आणि पाणी यांचा मेळ घालण्यावर भर आला.

पद्धती : वायुवीजनाचे पुढील प्रकार प्रचारात आहेत.

(१) ऊर्ध्व वायुवीजन : छपरास किंवा जिन्याच्या माथ्यावर वाट करून तप्त वायूंना वर जाऊ देतात. वायूंची नैसर्गिक गती वरच्या दिशेची असल्यामुळे ही पद्धत परिणामकारक ठरते. वाट शक्यतो आगीच्या नेमकी वर असावी लागते. ती दूर केल्यास आग इमारतीच्या न पेटलेल्या भागातून त्या वाटेकडे ओढली जाते.

(२) क्षैतिज वायुवीजन : समोरासमोरच्या खिडक्या व दारे उघडून धूर आडवा वाहू देतात. यात वाऱ्याची दिशा निर्णायक असते. प्रथम वाऱ्याच्या विरुद्ध अंगाची, म्हणजे वारा ज्या बाजूने बाहेर पडेल त्या अंगाची खिडकी उघडतात व त्यानंतर वारा येतो त्या अंगाची. हा क्रम उलटल्यास वारा आग आतल्या खोल्यांत रेटतो. उंच इमारतींत वरच्या मजल्यांवर वारा प्रबळ असल्यामुळे तेथील एखादी काच फुटल्यानेही ज्वाळा सज्ज्यात व जिन्यात शिरू शकतात.

(३) यांत्रिक वायुवीजन : दारापासून दोन-तीन मीटर अंतरावर पंखा अशा रीतीने ठेवतात की, त्याच्या हवेचा शंकू दाराची संपूर्ण चौकट व्यापेल. यामुळे आतील दाब किंचित वाढून धूर दुसऱ्या वाटेने बाहेर पडतो. आगीची जागा ठाऊक नसल्यास, धूर जाण्याची वाट आधी केली नसल्यास, त्या वाटेत माणसे अडकली असल्यास किंवा बॅकड्राफ्टची चिन्हे दिसत असल्यास पंखा वापरीत नाहीत.

(४) जलतुषारांच्या साहाय्याने वायुवीजन : आग आटोक्यात आल्यावर खोलीच्या आतून खिडकीबाहेर तुषारांचा शंकू सोडतात. वेगाने जाणारे जलकण सभोवतालचा धूर आपल्याबरोबर ओढून नेतात. पद्धत सोपी आहे, परंतु तीत पाणी बरेच खर्ची पडते.

(५) वायुरोध : ही वायुवीजनाची उलट बाजू होय. पाणी सज्ज होईतो दारे मिटून ठेवणे, आत प्रवेश केल्यावर नळी जाईल एवढीच फट ठेवून दार ओढून घेणे आणि जिन्याच्या दारावर अग्निरोधक पडदा लावणे, असे उपाय यात येतात. प्रयोगांत बंद दाराआडच्या खोलीचे तापमान सु. ४०° से. असताना उघड्या दाराच्या खोलीचे तापमान ५००° से.च्या वर गेल्याचे आढळले आहे.

कार्यक्रम : घटनास्थळी पोहोचल्यावर दलाचा प्रमुख इमारतीभोवती फिरून धुराचा रंग, दाटी, वेग व बाहेर पडण्याच्या जागा पाहतो. किती माणसे आत आहेत व आग कोठे आहे, हे निश्चित केले जाते. त्यानंतर नळीत पाणी भरून ती दाराशी सज्ज ठेवतात आणि मगच दार वा खिडकी उघडतात. आत प्रवेश करणारी तुकडी व वाट करणारी तुकडी यांच्यात बिनतारी यंत्राने संपर्क असावा लागतो. आतील तुकडीच्या सूचनेवाचून बाहेरच्याने काच फोडू नये, असा दंडक आहे. ज्वाळा बाहेरून दिसत असल्यास खिडकीतून छताच्या रोखाने काही सेकंद सरळ झोत मारून खोली थंड करतात व नंतर आत शिरतात. पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान सु. १,७०० पट वाढते. त्यामुळे कोंडलेल्या खोलीत पाणी मारताना वाफेस वाट नसेल, तर ती जवानांना भाजते. याकरिता पाणी व वाट या दोन्ही गोष्टी जवळजवळ एकाच वेळी साधाव्या लागतात.

महाराष्ट्रातील अनुभव : आगीत मरण बहुधा ज्वाळांपेक्षा धुराने येते. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागात लागलेल्या आगीत दहा अर्भकांचा मृत्यू झाला. तत्कालीन शासकीय निवेदनानुसार त्यांपैकी तिघांचा मृत्यू भाजल्याने, तर सात अर्भकांचा धुराने गुदमरून झाला होता. मुंबईत २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांवर पसरून पाच व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. आग व धूर इमारतीच्या ज्या अंगाने वर चढतात त्या अंगाच्या वरच्या मजल्यांना किती धोका असतो, हे या घटनेने दाखविले. ९ मे २०१५ रोजी मुंबईतील काळबादेवी भागात एक जुनी इमारत आगीत कोसळली व अग्निशामक दलाच्या चार अधिकाऱ्यांना प्राणास मुकावे लागले. जळत्या लाकडी सांगाड्याची भारवाहक शक्ती किती वेळ टिकेल, याचा अंदाज घेतल्याखेरीज छपरावर वा आत कार्य करणे किती घातक असते, हे त्यावरून दिसते. १८ मे २०२५ रोजी सोलापूर येथील अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यास पहाटे लागलेल्या आगीत आठ जणांचा मृत्यू झाला; त्यांत तेथेच राहणाऱ्या कुटुंबातील लहान मुलाचाही समावेश होता. माल साठविण्याची जागा व झोपण्याची जागा एकाच छताखाली असल्यास धुरास ती विभागणारे काहीच उरत नाही.

इमारत बांधतानाच धुराच्या निर्गमनाची तरतूद व्हावी, यासाठी नियम आहेत. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार तळघरास त्याच्या क्षेत्रफळाच्या किमान २·५ टक्के एकूण क्षेत्रफळाची व परिघावर समप्रमाणात विभागलेली वायुद्वारे ठेवावी लागतात. राज्यात महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू आहे. अग्निशामक अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नागपूर येथे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे.

छपराची बांधणी व वायुवीजन : धुरास वाट कोठे व कशी द्यावयाची, हे मुख्यतः छपराच्या बांधणीवरून ठरते. यादृष्टीने धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यातील मुरुम व त्याच्या आसपासचा प्रदेश उद्‌बोधक आहे. या भागातील परंपरागत घर माळवदाचे असते. दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी खांब व तुळया, त्यांवर लाकडी फळ्या वा काटक्या आणि सर्वांवर मातीचा जाड थर, अशी त्याची रचना असते. उजेड येण्यासाठी व चुलीचा धूर जाण्यासाठी माळवदात एक झरोका ठेवतात. त्यास सवणे म्हणतात. ऊर्ध्व वायुवीजनाचे तत्त्व या सवण्यात पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले आहे. आगीच्या प्रसंगी माळवद खणून वाट करणे अव्यवहार्य असते व त्यावर चढणेही धोक्याचे असते, कारण खालील तुळई जळत असता मातीचा सर्व भार तिच्यावरच असतो. अशा घरात आधी असलेले सवणे हीच धुराची सुरक्षित वाट होय. पावसाळ्यात ते झाकलेले असल्यास शिडीवरून किंवा शेजारच्या भक्कम भिंतीवरून त्याचे झाकण दूर करता येते. ते दूर करण्यापूर्वीही पाणी दाराशी आलेले असणे आवश्यक असते.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत सु. ८,००० लोकांचा बळी गेला. दगडमातीच्या भिंती व जड माळवदे कोसळणे हे या हानीचे एक प्रमुख कारण होते. त्यानंतर या भागात पत्र्याची छपरे व सलोह काँक्रीटची घरे वेगाने वाढली. भूकंपाच्या दृष्टीने हा बदल इष्टच होता. आगीच्या दृष्टीने मात्र परिस्थिती पालटली. काँक्रीटचे छत झटपट फोडता येत नाही व त्यास सवणेही नसते. तेथे धूर जाण्यास खिडक्या व गच्चीवर जाणाऱ्या जिन्याचे दार एवढ्याच वाटा उरतात. जिन्याचे दार उघडल्यास संपूर्ण जिना धुराचे धुराडे बनतो. म्हणून जिन्यातून कोणी वर येत नाही याची खात्री करूनच ते उघडतात. पत्र्याच्या छपराचे आकडे सोडवून पत्रा उचलता येतो. सिमेंटचे पत्रे मात्र उष्णतेने तडकून उडतात व माणसाचा भार सहन करीत नाहीत, त्यामुळे त्यांवर कधीही पाय देत नाहीत.

मुरुम येथे कृषी उत्पन्न बाजार समिती आहे. अशा गावांतील भुसार मालाच्या गुदामांत पोत्यांच्या थप्पीच्या आत आग दीर्घकाळ धुमसत राहू शकते. बाहेरून केवळ धूर दिसत असता शटर एकदम वर उचलल्यास धुमसणारी थप्पी भडकते. येथे शटर अर्धवट ठेवून, वरच्या झरोक्यांतून धूर काढीत, पोती एकेक बाहेर ओढून भिजविणे हिताचे असते. पाण्याचा हिशेबही महत्त्वाचा ठरतो. ४,५०० लि. क्षमतेच्या बंबास मिनिटाला ४५० लि. पाणी सोडणारी एक नळी जोडली, तर टाकी दहा मिनिटांत रिकामी होते. पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या व बंब दूरच्या गावाहून येणाऱ्या प्रदेशात पाणी संपताना उघडे राहिलेले दार आगीच्याच कामी येते.

नागरिकांचा वाटा : बंब येण्यापूर्वीची मिनिटे रहिवाशांच्या व शेजाऱ्यांच्या हाती असतात. स्वयंपाकाच्या वायूची गळती व आग या दोन प्रसंगी करावयाची कृती परस्परविरुद्ध आहे, हे पुष्कळदा लक्षात घेतले जात नाही. गळती झाली परंतु पेट घेतला नसेल, तर विजेच्या कोणत्याही बटणास हात न लावता दारे-खिडक्या उघडाव्यात. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे तो जमिनीलगत साचतो व उघड्या दारातून बाहेर जाण्यास वाव मिळतो. आग लागली असेल, तर सर्वांनी बाहेर पडताना पेटलेल्या खोलीचे दार ओढून घ्यावे, मात्र त्यास कुलूप घालू नये. बाहेर जमलेल्यांनी धूर जावा म्हणून काचा फोडू नयेत व पत्रे उचकटू नयेत. बाहेर पडणे अशक्य झाल्यास दार बंद करून त्याच्या फटी ओल्या कापडाने बुजवाव्यात आणि रस्त्याकडील खिडकीशी थांबून आपण तेथे असल्याची खूण करावी. धूर वर साचत असल्यामुळे धुरातून जाणे भाग पडल्यास जमिनीलगत सरपटत जावे. आत किती माणसे राहिली आहेत व ती कोणत्या खोलीत आहेत, ही माहिती दलाच्या प्रमुखास तत्काळ देणे हे शेजाऱ्यांचे सर्वांत उपयुक्त साहाय्य होय. कारण कोणते दार प्रथम उघडावयाचे व कोणते मिटून ठेवावयाचे, हे त्या माहितीवरच ठरते.